सात म्हसोबांचा एक केला

मे महिन्यातला दुसरा रविवार, सकाळचे पावणेअकरा. स्थळ: कवठे महांकाळ तालुक्यातलं एक गाव, गावाबाहेरच्या वस्तीवर लिंबाखाली अंथरलेलं घोंगडं. हजर: आमच्या खेळाची सूत्रधार, म्हणजे याच घरची धाकटी मुलगी, तिचे वडील, ज्यांना सगळे आप्पा म्हणतात, आप्पांचे धाकटे भाऊ, साताऱ्याचे निवृत्त सुभेदार, कराडजवळच्या मलकापूरचे औषध दुकानदार, आणि मी. सूत्रधारची आई चुलीपाशी होती, पण तिथून शब्द न शब्द ऐकत होती, म्हणून तिची अर्धी हजेरी लावली आहे.

सोबतचं सामान: फाशांची पिशवी एक, पेन्सिली चार, खोडरबर दोन, वाटेत सांगलीत घेतलेल्या भडंगाचे दोन पुडे, आणि माझी यादी. भडंग पोचेपर्यंत एकच पुडा उरला होता. त्याचा जबाब औषधवाल्यांनी द्यायचा आहे, गाडी तेच चालवत होते.

खेळ काय आहे ते आधी सांगून टाकते, कारण माझ्या आईला तो अजून कळलेला नाही. एकजण गोष्ट सांगतो आणि बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. सूत्रधार म्हणते, "समोर दरी आहे, काय करता?" आपण म्हणायचं, "उडी मारते." मग वीस बाजूंचा फासा टाकायचा. मोठा आकडा पडला तर आपण पलीकडे, लहान पडला तर दरीत. पट नाही, सोंगट्या नाहीत, कोणी जिंकत नाही. तीन तास कुठे जातात कळत नाही.

मी साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याचं स्टोअर सांभाळते. सूत्रधार त्याच कारखान्यात माल तपासणीला आहे. तीन वर्षांपूर्वी जेवणाच्या सुट्टीत तिने मला विचारलं, "मॅडम, रविवारी आमच्यात एक माणूस कमी पडतंय, येता का?" मला वाटलं भिशी आहे. हो म्हणून गेले आणि तासाभरात मी एका किल्ल्याच्या तळघरात कुलूप फोडत होते. मी चोर झाले होते. चोराकडे सामानाची यादी असते, म्हणून निवडला. औषधवाले कुऱ्हाड घेतलेले योद्धे झाले. दुकानात दिवसभर नम्र बोलावं लागतं, त्याची भरपाई. खेळ माझ्या घरच्या गच्चीवर चालायचा. शेजारचे सुभेदार तिसऱ्या रविवारी आवाज होतो म्हणून तक्रार करायला आले आणि जादूगार होऊन परत गेले. सैनिक व्हा म्हटलं तर म्हणाले, "चोवीस वर्षं तेच केलं. आता मला मंतर मारू द्या."

तेव्हा आम्ही एका परदेशी पुस्तकातून खेळायचो. त्या जगात बारा महिने बर्फ. प्रत्येक गोष्ट गुत्त्यात सुरू व्हायची, आणि तिथे एक अनोळखी म्हातारा येऊन नकाशा द्यायचा. सुभेदारांना यातलं काहीच पटत नसे.

"बर्फात चार दिवस चाललो आपण. मोजे कवा बदलले?"

"काका, खेळात मोजे धरत नाहीत."

"मग पायाची बोटं गेली समजा. आणि अनोळखी माणसाकडून नकाशा घेणारी तुकडी परत येत नसते, हे लिहून ठेवा."

मी लिहून ठेवलं.

एका रविवारी जंगलात कसलासा राक्षस भेटला. औषधवाल्यांनी विचारलं, "हा म्हणजे कसा दिसतो? आपल्या वेताळासारखा का?" सूत्रधारने पुस्तकात पाहिलं, आमच्याकडे पाहिलं आणि पुस्तक मिटून टाकलं. म्हणाली, "राक्षस राहू दे. तुम्ही माळावर आहात. अंधार पडलाय. एक बाभळ दिसते." आम्ही चालत राहिलो. थोड्या वेळाने पुन्हा एक बाभळ. तिसऱ्या बाभळीला मी फांद्या मोजल्या, आणि ती तीच निघाली. चकवा लागला होता. दीड तास आम्ही त्या बाभळीभोवती फिरलो. शेवटी सुभेदारांनी खाली बसून चपला उलटसुलट पायांत घातल्या, तेव्हा सुटलो. इतकी मजा त्या बर्फात कधी आली नव्हती.

पुढच्या रविवारपासून परदेशी पुस्तक कपाटात गेलं आणि सूत्रधारचा माळ सुरू झाला. त्यात विहिरीवरच्या साती आसरा होत्या. पिंपळावरचा मुंजा होता, हद्दीवर बसलेले म्हसोबा होते आणि मेंढरांची राखण करणारा बिरोबा होता. हे सगळं ती कुठून आणते ते हळूहळू कळलं. तिचं घर मेंढपाळांचं. आता थोडी ज्वारी, थोडं डाळिंब आहे, पण मेंढरं सुटलेली नाहीत. तिचे वडील आणि चुलते ओव्या गातात. आधी गायचं, मग तीच गोष्ट बोलून सांगायची, आणि पुन्हा गायचं. लहानपणी मेंढरांमागे चालताना ऐकलेलं सगळं तिच्या डोक्यात होतं. तीन वर्षांत त्याच्या चार वह्या झाल्या, आणि आम्हा तिघांचंही मत पडलं की याचं पुस्तक छापावं, म्हणजे दुसऱ्यांनाही खेळता येईल.

तिने मान हलवली. "आप्पांना विचारल्याशिवाय एक पान छापणार नाही. ते नको म्हणाले तर संपलं. दुसरं जग मला बनवता येणार नाही, माझ्याकडे हेच आहे."

"मग विचार की."

"त्यांना वाटतंय मी रविवारी कॉम्प्युटरच्या क्लासला जाते."

तीन वर्षं! असा कोणता क्लास तीन वर्षं चालतो, हे आप्पांनी विचारलं नव्हतं म्हणून बरं.

तर ठरलं की सगळ्यांनी गावी जायचं, आप्पांसमोर खेळायचं आणि मग विचारायचं. माझ्याकडे काम आलं ते वह्यांतल्या देवाभुतांची यादी नीट करण्याचं. आप्पांची ओवी सुरू होताना सुंबरान मांडतात, म्हणजे देवांची नावं घेऊन त्यांना बोलावतात. सूत्रधारला आमचा खेळही तसाच सुरू करायचा होता. तिने आठवेल तशी नावं गावासकट लिहिलेली होती, एकूण एक्केचाळीस.

मी दोन संध्याकाळी घालवल्या. रकाने पाडले: नाव, ठिकाण, स्वभाव, ताकद, काय दिल्याने शांत होतो. मग नावं अकारविल्हे लावली. लावताना लक्षात आलं की म्हसोबा सात वेळा आलाय. बिरोबा पाच वेळा, लक्ष्मीआई चार वेळा. स्टोअरमध्ये एकच बेअरिंग दोन नंबरांखाली सापडलं तर त्या दिवशी मी कोणाशी बोलत नाही. सातांचा एक म्हसोबा केला, पाचांचा एक बिरोबा, लक्ष्मीआईही एकच ठेवली. एक्केचाळिसाच्या अठ्ठावीस नोंदी झाल्या. कागद एकदम स्वच्छ दिसायला लागला. मी खूश, आणि सूत्रधारला घाईत काही कळलं नाही, किंवा कळूनही माझ्या वयाकडे पाहून ती गप्प बसली.

आता लिंबाखाली. चहा झाला, कोण कुठलं ते विचारून झालं. सूत्रधारने लहान मुलीने फ्रॉकला पुसावेत तसे तळहात ओढणीला पुसले आणि क्लासचं खरं काय ते सांगून टाकलं. आप्पांनी ऐकून घेतलं. त्यांनी वीस बाजूंचा फासा उचलून उन्हात धरला.

"ह्यो कशाला?"

"आवं आप्पा, मान्साच्या हातात समदं नसतं न्हवं? तेवढ्याचा ह्यो." गावी आल्यावर तिची बोली तासाभरात बदलली होती.

"बरं हाय," आप्पा म्हणाले. त्यांच्या भावाने फासा टाकून पाहिला, वीस पडले, आणि पुढचा अर्धा तास त्यांनी तो हातातून सोडला नाही.

माझ्या मनात भीती होती ती ताकदीच्या रकान्याची. देवाला आकडे दिलेले पाहून आप्पा चिडतील असं मला वाटत होतं. त्यांनी तो रकाना मुलीकडून वाचून घेतला आणि हसायला लागले. "बिरोबा नव्वद? मोजला कुनी? सुभेदार, तुमी मोजला व्हय?"

सुभेदार म्हणाले, "मी न्हाई. स्टोअरवाल्या बाईंनी."

"आसूं द्या. खेळ हाय."

मी सुस्कारा सोडला. सूत्रधारने सुरुवात केली. माळाचं वर्णन केलं, आम्ही तिघं कुठे उभे आहोत ते सांगितलं, आणि सुंबरान मांडायला माझी यादी वाचू लागली. आप्पांची मान प्रत्येक नावाला हलत होती. चुलते मांडीवर ठेका धरत होते. बिरोबा एकदाच आला तेव्हा आप्पांची मान थबकली; सूत्रधार म्हसोबापर्यंत आली, तोही एकदाच म्हणून पुढे गेली.

"थांब पोरी. म्हसोबा कुठला?"

"म्हसोबा, आप्पा."

"व्हय. पन कुठला?"

"एकच घेतलाय."

"सातातला कुठला एक?"

तिने माझ्याकडे पाहिलं नाही, पण बाकी सगळ्यांनी पाहिलं. मी सांगितलं की नाव एकच होतं, म्हणून सगळे एकत्र केले; आमच्याकडे एका मालाला दोन नंबर चालत नाहीत.

आप्पांनी विचार केला. "ताई, तुमच्या गोदामात नट आवळायचे दोन पाने ठेवले, एकाला हाक मारली. दुसऱ्याला कळतं का, आपल्याला बोलावलं न्हाई म्हनून?"

"नाही."

"ह्यांना कळतं. गावात एका नावाची सात मान्सं हाईत. जेवायला बोलावलं तर पत्रावळ्या किती मांडता?"

"सात," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

"रातभर आमी गातो. सुंबरानात एक गाव ऱ्हायलं, तर त्या गावचा मानूस घोंगडं झटकून उठतो आन चालू पडतो. त्याला कुनी थांबवत न्हाई. चूक गाणाऱ्याची." एवढं बोलून आप्पा उठले, स्वतःचं घोंगडं झटकलं आणि मेंढरांकडे निघून गेले.

सूत्रधार तशीच बसली. चारी वह्या तिच्या मांडीवर होत्या. ती रडली असती तर बरं झालं असतं, पण ती वह्यांचे कोपरे जुळवत बसली; मी टेन्शनमध्ये तेच करते, म्हणून ओळखलं. चुलते फासा टाकत म्हणाले, "तीन. वंगाळ." आतून सूत्रधारच्या आईचा आवाज आला, "आरं तो फासा ठेव की खाली! पोरीचं काय चाललंय, ह्याचं काय चाललंय!"

आता एक सवय कामाला आली. मी नवी यादी करते तेव्हा जुनी फाडत नाही, मागे टाचून ठेवते. टाचणी काढली आणि एक्केचाळीस नावांचा मूळ कागद घेऊन मेंढरांच्या वाघरीपाशी गेले. वाघर म्हणजे मेंढरांभोवती लावायची जाळी. पलीकडे आप्पा, अलीकडे मी, मध्ये सत्तर-ऐंशी मेंढरं. मी तिथूनच मोठ्याने वाचायला सुरुवात केली, स्टोअरचा साठा तपासताना वाचते तशी: नाव, ठिकाण. नाव, ठिकाण. एक्केचाळिसाव्या नावाला आप्पा म्हणाले, "समदी हाईत. पन वाट चुकली."

"म्हणजे?"

"ह्या गावावरनं त्या गावाला जाताय आन परत मागं येताय. मेंढरं दमली की तुमची."

तेव्हा मला समजलं. त्यांच्या घरचं सुंबरान चालण्याच्या वाटेने होतं. पाऊस सरला की वस्तीवरून निघायचं, मिरजेच्या खालच्या अंगाने कृष्णा ओलांडायची, वाळव्याच्या उसाकडेने कराडच्या रानात जायचं. जिथे जिथे मेंढरं बसवली, त्या हद्दीवरचा देव, पाण्यावरच्या आसरा, ओळीने. एक नाव गाळलं की वाटेतला एक मुक्काम गेला. आठवेल तशी लिहिलेली नावं आधीच मागेपुढे होती, आणि मी अकारविल्हे लावून त्यांना आणखी शे-दीडशे मैल उगाच पळवलं होतं.

आम्ही परत लिंबाखाली आलो. आप्पा नावं म्हणत गेले. चुलत्यांनी दोन ठिकाणी भावाला टोकलं. सूत्रधारने ओळी लावल्या. औषधवाल्यांनी गाडीतल्या औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा उलगडून त्यावर वाट काढली, कारण त्या रस्त्यांवर गाडी चालवून त्यांच्या हाताला तो भूगोल ठाऊक होता. तासाभरात पुठ्ठ्यावर आमच्या खेळाचा नकाशा तयार झाला. तीन वर्षं आम्ही त्या जगात खेळत होतो आणि कुठल्या गावाच्या पुढे कोणतं ते एकालाही माहीत नव्हतं. सुभेदार नकाशाकडे पाहून म्हणाले, "हा घ्यायला हरकत नाही. देणारा ओळखीचा आहे."

आप्पा पुन्हा घोंगड्यावर बसले. सूत्रधारने वह्या पुढे सरकवल्या. "छापू का, आप्पा?"

"ह्यात आमच्या वाटेचं समदं आलं. पन खेळतंय कोन? ही तिघं. ह्यांचं कोन हाय ह्यात? सुंबरानाला बसल्याल्या प्रत्येक मानसाचा देव येतो, तवा मानूस बसतो. ह्यांचं तीन घाल, मग छाप. तवर खेळा."

झालं. परवानगी मिळाली, फक्त तीन ओळी बाकी होत्या. सूत्रधारने इतक्या जोरात श्वास सोडला की पुठ्ठा हलला.

सुभेदारांनी लगेच सांगितलं. त्यांच्या गावी नदीकाठी एक वीरगळ आहे, लढाईत पडलेल्या माणसाचा दगड. त्याच्यावरून जाताना गाडीवान बैल थांबवायचे. सुभेदार भरतीला निघाले तेव्हा आईने त्या दगडाला दही लावलं होतं. ओळ बेचाळीस.

औषधवाले म्हणाले, "आमच्या अपार्टमेंटच्या भिंतीला लागून एक म्हसोबा आहे. वॉचमन दिवा लावतो."

आप्पा सावरून बसले. "मलकापूरचा? वढ्याच्या अलीकडं? आरं त्याच्यापाशी आमी मेंढरं बसवलीत की! घरं झाली, ती वाट सुटली, आन सुंबरानातनं त्योबी सुटला. तिथं शाळू असायचा."

"आता पार्किंग आहे."

"असूं दे. हाय न्हवं अजून? मग लिही." ओळ त्रेचाळीस, आणि तो आठवा म्हसोबा. यावर कोणी माझ्याकडे पाहिलं नाही, याबद्दल मी त्यांची आभारी आहे.

मग माझी पाळी. माझं माहेर वाईचं. मी तयारच होते. "घाटावरचा गणपती," म्हटलं.

आप्पांनी मान हलवली. "त्यो समद्यांचा. त्याला जग वळखतं. तुमच्या दाराजवळचा कोन?"

आमच्या आळीच्या कोपऱ्यावर एक दगड आहे, गुडघ्याएवढा, शेंदूर लावलेला. लहानपणापासून त्याला वळसा घालून शाळेत गेले. रिक्षा त्याला घासून जातात, पण कोणी तो हलवत नाही. त्याचं नाव? मला माहीत नाही.

"मग इचारून घ्या," आप्पा म्हणाले. "आमी कुठं पळतोय."

आत पाट मांडले होते. जेवणात बाजरीची भाकरी, हुलग्याचं माडगं आणि दही होतं. चुलत्यांनी जेवतानाही फासा खिशात ठेवला होता. तो परत मागायला जमलं नाही. आता आम्ही नवा घेतला आहे.

पुढचं थोडक्यात. दुसऱ्याच दिवशी आईला फोन केला. आई म्हणाली, "तो? तो कोपऱ्यावरचा दगड." नाव विचारलं तर म्हणे, दगडच म्हणतो आम्ही. आत्या म्हणाली, वेताळ. समोरचे स्कूटर दुरुस्तीवाले म्हणाले, म्हसोबा, आणि मी म्हटलं नववा नको. आळीतल्या निवृत्त मास्तरांच्या मते तो मैलाचा दगड आहे. किराणावाल्यांच्या आईने सांगितलं की ती बाईदेवता आहे आणि पुरुषांनी नाव घ्यायचं नसतं. पण नाव तिलाही आठवेना. मी रकाने पाडून सगळं लिहिलं: कोणी सांगितलं, वय, नाव, खात्री किती. पाच माणसं, पाच उत्तरं, आणि या वेळी मी एकही नोंद एकत्र केलेली नाही.

आप्पा दर रविवारी खेळ सुरू होण्याआधी मुलीच्या फोनवर येतात. क्लास आता उघड झाल्यामुळे वेळ त्यांना माहीत आहे.

"ताई, गावला का देव?"

"अजून नाही, आप्पा."

"घाई न्हाई. पन पोरगी वाट बगतीया."

चारही वह्यांचं टंकन झालं, नकाशा नीट काढून झाला, छापखान्याने मजकूर पाहिला. सुंबरानाच्या पानावर चव्वेचाळिसावी ओळ मोकळी आहे. सुभेदारांनी एकदा सुचवलं की दुसरा एखादा देव घालून टाका, कोणाला कळतंय. सूत्रधार म्हणाली, "काका, ह्यांना कळतं." मग सुभेदारांनी फासा उचलला आणि मंतर मारला. चार पडले.

एक गोष्ट मात्र पक्की झाली आहे. त्या दगडाचा शेंदूर कधी जुना नसतो. गेल्या अमावास्येला मी पहिल्या बसने वाईला गेले, सहा वाजता कोपऱ्यावर पोचले, तर शेंदूर ओला होता, वर झेंडूचं फूल होतं आणि आळीत कुत्र्याशिवाय कोणी नव्हतं. बोटाला लाल लागलं. म्हणजे कोणीतरी एकजण येतं, त्याला किंवा तिला नाव माहीत असणार, आणि ते माणूस माझ्याहून लवकर उठतं.

येत्या अमावास्येला आदल्या दिवशीच आईकडे मुक्कामाला जायचं आहे. गजर पावणेचारचा. आईला सांगितलंय की खालच्या ओट्यावर खुर्ची ठेव. खुर्ची, शाल, पेन्सिल, वही. त्या माणसाला नाव विचारायचं, गोष्ट विचारायची, लिहायला हरकत नाही ना तेही विचारायचं. ओळ चव्वेचाळीस अजून भरायची आहे.